रस्ता संपतो तिथली गाडी

गिरणी कामगार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं लालबाग-परळ उभं राहतं. धुराडी, भोंगा, १८ जानेवारी १९८२ चा संप. माझी गिरणी तसली नाही. माझी भातगिरणी, कामशेतची. तिथं सूत निघत नाही, इंद्रायणी निघतो. एका तोंडानं भात आत जातं, दुसऱ्या तोंडानं तांदूळ पोत्यात पडतो, तूस ढिगावर जातं आणि बारीक धूळ आमच्या छातीत. राहायला शिरगावात. प्रतिशिर्डीला येणाऱ्या मोटारी ज्या रस्त्यानं वळतात त्याच अंगाला आमचं घर. घरामागं मामाची पिकअप उभी होती. टाटा २०७. टाटांनी १९८८ साली टाटामोबाईल २०६ आणली, त्याच घराण्यातली ही पुढची. आम्ही तिला दोनशेसात म्हणतो. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, मामाचा भाड्याचा धंदा बसला आणि गाडी जी उभी राहिली ती राहिलीच. कोंबड्या तिच्या हौद्यात अंडी घालायच्या.

हे लिहिणं त्या दोनशेसातवर आहे. माझी कविता वाचायची म्हणून ज्यानं पान उघडलं असेल त्यानं रागावू नये. इथं पाटे आहेत, यू-बोल्ट आहेत, ग्रीस आहे. चळवळीच्या अंकात हे कशाला, असं संपादकांनी विचारलं नाही. तुम्ही विचाराल म्हणून कारण सांगतो.

जुलै २०२२. आत्याचं घर पवन मावळात, वर डोंगराच्या कुशीत. डांबर संपतं तिथून तीन-साडेतीन किलोमीटर. उन्हाळ्यात बैलगाडीची चाकोरी, पावसाळ्यात तीच चाकोरी ओढा होते. सकाळी चुलीपुढं बसल्या जागी आत्याचं तोंड वाकडं झालं, उजवा हात पडला. घरच्यांना कळेपर्यंत वेळ गेला, फोनला रेंज मिळेपर्यंत आणखी गेला. ॲम्ब्युलन्स आली आणि डांबर संपतं तिथं उभी राहिली. ड्रायव्हरचा काही दोष नाही. त्या चिखलात तो उतरला असता तर आत्याला सोडून ॲम्ब्युलन्सच ओढत बसावं लागलं असतं. मग बांबू, मग गोधडीची झोळी, मग चार माणसं. पावसात, घसरत, खांदे बदलत, दोन तास. दवाखान्यातला डॉक्टर शांतपणे म्हणाला, रक्ताची गाठ विरघळवायचं औषध लकव्याला पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. आमचे साडेचार कधीच होऊन गेले होते. आत्या वाचली. भाकरी थापणारा हात गेला.

रस्त्यासाठी निवेदनं दिली होती. त्या निवेदनांच्या पोच माझ्याकडं आहेत, शिक्क्यासकट. मोर्चाही झाला. ते चालू राहील, चालूच ठेवायचं. पण पुढचा जुलै काही मोर्चासाठी थांबणार नव्हता.

"मामा, दोनशेसात वर चढंल का?"

मामा हसला. "आरं, ती चढाची गाडी न्हाई. मागच्या चाकावर चालती. रिकामी आसली तर वल्या गवतावर बी नाचती."

मामा खरं बोलत होता. पिकअपचं सगळं वजन पुढं, इंजिनाकडं. ओढायचं काम मागच्या चाकांचं, आणि हौदा रिकामा असला तर त्यांच्यावर भार नाही. भार नाही म्हणून पकड नाही. त्यात डिफरन्सल. दोन मागची चाकं वळणावर वेगवेगळ्या वेगानं फिरावीत म्हणून मध्ये बसवलेला हा दातेरी गोळा. सडकेवर फार शहाणा, चिखलात मात्र भलता न्याय करतो. एक चाक घट्ट जमिनीवर असलं आणि दुसरं चिखलात असलं तर सगळं फिरणं चिखलातल्या चाकाला मिळतं. ते जागच्या जागी भिंगरी होतं, आणि ज्याच्याखाली जमीन आहे, जे ओढू शकतं, ते गप उभं. मेस्त्रीनं हे मला खडूनं फरशीवर काढून दाखवलं तेव्हा मी हसलो. ही व्यवस्था मला ओळखीची वाटली.

मेस्त्री सोमाटणे फाट्याकडचा. त्याला म्हटलं, फोर बाय फोर करून द्या. त्यानं आकडा सांगितला. त्या आकड्यात आमच्याकडं घराचं पत्र्याचं छत जाऊन स्लॅब पडतो. शिवाय पुढचा सगळा धुरा बदला, गिअरबॉक्सच्या मागं आणखी एक पेटी लावा. मग तो म्हणाला, "त्याच्या नादी लागू नका. आधी गाडी थांबली पाहिजे. मग चढली पाहिजे."

म्हणून पहिले पैसे ब्रेकवर गेले. ड्रम घासून घेतले, सिलिंडरच्या किट बदलल्या, रबरी होज सगळे नवे टाकले. स्टिअरिंगचे बॉल जॉइंट बदलले. रेडिएटर उघडून साफ केला. यात दाखवण्यासारखं काही नाही. फोटो काढावा असं काही नाही. पण डोंगरातनं भरली गाडी खाली आणताना उपयोगी पडतं ते हेच.

मग पाटे. वीस वर्षं माल वाहून मागचे पाटे सपाट झाले होते, म्हाताऱ्याच्या पाठीसारखे, फक्त उलट्या बाजूनं. पाटेवाल्याकडं नेले. त्यानं एकेक पाटा सुटा करून घणानं पुन्हा बाक दिला, तडकलेला बदलला, सेंटर बोल्ट नवा टाकला. मागून गाडी चार बोटं उठली. मामाला आणखी उठवायची होती. पाट्यात पाटा घाला म्हणाला. मेस्त्रीनं नाही म्हटलं आणि कारणं सांगितली. जादा पाटा घातला की गाडी उठते पण ताठ होते. रिकामी असताना आपटते, आणि आत पेशंट असेल तर त्याचं काय? फार उठवली की प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, क्रॉस लवकर जातो. ब्रेकचा होज ताणला जातो, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की तुटतो. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाट्यानं चाशी उठते, डिफरन्सल उठत नाही. तो धुऱ्यावर बसलाय, धुरा चाकावर. त्याला उचलायचं तर चाकच मोठं पाहिजे. आणि चाक मोठं केलं की चढाला इंजिन दमतं, ब्रेक कमी पडतो, काट्यावर वेग कमी दिसतो.

इथं कायदाही आडवा येतो, तो सांगून टाकतो, कारण तुमच्यापैकी कुणी तरी असलं काही करायला जाईल. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीनं जी गाडी म्हणून नोंदवली तिच्यात मूळ रचना बदलायची नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे ठासून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा एकेका बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढं लोखंडी बंपर लावून मिरवतात त्यावरही केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये बंदीचं पत्र काढलंय. आमच्या दोनशेसातला असा बंपर होता. काढला आणि भंगारात घातला. पुढचं वजन कमी झालं, चार पैसे आले.

म्हणून टायरचं माप तेच ठेवलं. फक्त लग टायर घातले, खोल दातांचे, मागं दोन. आणि डिफरन्सलचा प्रश्न? तो गाडीवर सोडवलाच नाही. वाडीच्या वाटेवर तीन जागा होत्या जिथं चाकोरीच्या मध्ये दगड वर आलेले. दोन रविवार आठ माणसं गेलो. पहार, घण, टिकाव, घमेली. दगड काढले, खड्डे भरले. आत्या पडवीत बसून डाव्या हातानं चहा देत होती. गाडी उचलायला कायदा आडवा होता, दगड उचलायला कुणाची परवानगी लागली नाही.

सगळ्यात स्वस्त बदल म्हणजे हवा. यावर माझा आधी विश्वास बसला नव्हता. सडकेवरची पूर्ण हवा घेऊन चिखलात गेलं तर टायर सुरीसारखा कापत खाली जातो. डांबर संपलं की मागच्या चाकांतली हवा निम्म्याच्या आसपास आणायची. टायर पसरतो, पाय फाकून उभ्या राहिलेल्या बैलासारखा, आणि जमीन धरतो. पण निम्म्याच्या फार खाली जायचं नाही. ट्यूबचा टायर असेल तर रिम आत सरकते आणि ट्यूबचं नोझल मुळासकट फाटतं. आणि परत डांबरावर आल्यावर हवा भरल्याशिवाय वेग घ्यायचा नाही, मऊ टायर तापून फुटतो. पायपंप हौद्यात कायमचा बांधलाय. पंप मारून मारून मांड्या भरून येतात. फुकटची हवा फुकट नाही.

हौद्यात धुऱ्याच्या बरोबर वर वाळूची सहा पोती. भार नाही म्हणून पकड नाही, त्यावर एवढंच औषध. एक चाक भिंगरी व्हायला लागलं की हँडब्रेक थोडा थोडा ओढायचा. आमच्या गाडीला तो मागच्या दोन्ही चाकांवर लागतो. भिंगरीला अडसर झाला की जोर दुसऱ्या चाकाकडं जातो. दर वेळी जमत नाही. जमतं तेव्हा गाडी म्हशीसारखी अंग झाडून उठते.

पाण्याचं. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शिरगावाकडं येईतो तो निम्म्याहून खाली जातो, पण आत्याची वाडी वरच्या अंगाला. धुरा तापलेला असताना ओढ्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि श्वासाच्या छिद्रातनं पाणी ओढून घेते. दोन दिवसांनी ऑईल उघडलं तर चहासारखं निघतं. म्हणून त्या छिद्राला रबरी नळी लावून वर चाशीला बांधली. खर्च चाळीस रुपये. इंजिनासाठी मोटारवाले काचेच्या बाजूनं वर नेलेलं नळकांडं लावतात तसलं लावलं नाही. नियम केला. एक माणूस काठी घेऊन पुढं चालणार, पाणी त्याच्या गुडघ्यावर गेलं की गाडी परत. डिझेल इंजिनात पाणी गेलं तर पाणी काही दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल मारायचा नाही, हे मामाला शिकवायला फार कष्ट पडले.

आणि माझ्या गिरणीचा वाटा. भाताच्या चाळणीची लोखंडी जाळी झिजली की काढून टाकतात. मालकाला विचारून तसल्या दोन घेतल्या. चार फुटी, भोकाभोकांची. रुतलेल्या चाकापुढं सरकवली की चाकाचे दात भोकांत बसतात. मोटारवाले असल्या पट्ट्या हजारोंनी विकत घेतात म्हणे. ज्या जाळीतनं आयुष्यभर दुसऱ्याचा तांदूळ गेला ती आता आमच्या चाकाखाली येते. पुण्याच्या जुन्या बाजारातनं हातानं ओढायची चेनपुली आणली. ओढायचा हूक चाशीला बोल्टनं आवळला, वेल्डिंग केलं नाही. चाशी तापवली की तिथंच कच्ची होते.

एवढ्या तयारीनं मे २०२३ मध्ये गाडी उभी राहिली.

जूनअखेरीला पहिल्यांदा भरल्या पावसात वर गेलो. आत्याला तपासणीला न्यायचं होतं. वाडीच्या खाली गावाच्या शिवारात गाडी भातखाचराकडं सरकली आणि धुऱ्यापर्यंत बसली. समोरच्या बांधावर ट्रॅक्टर उभा. त्याचा मालक ट्रॅक्टरवरच बसून तंबाखू मळत होता. मामा गेला, हात जोडून म्हणाला, "दादा, जरा टोचन लावा की." त्यानं गाडीकडं पाहिलं. काचेवर निळ्या अक्षरात जयभीम लिहिलेलं. ते त्यानं सावकाश वाचलं. म्हणाला, "ट्रॅक्टर मोकळा न्हाई."

शिवी नाही. हात उगारला नाही. ॲट्रॉसिटीत बसेल असा एक शब्द नाही. ट्रॅक्टर मोकळा न्हाई. इंजिन बंद, मागं अवजार नाही, आणि मोकळा न्हाई. दोस्तांनो, आता असंच बोलतात. साल्यांची भाषा सुधारलीय.

चेनपुली काढली. आंब्याच्या बुंध्याला बारदान गुंडाळलं, साल जाऊ नये म्हणून, त्यावर पट्टा. ताणलेल्या चेनवर ओलं पोतं टाकलं, तुटली तर उसळून अंगावर येऊ नये म्हणून. फावड्यानं चाकापुढचा चिखल काढला, जाळ्या सरकवल्या. मामा स्टिअरिंगवर, मी पुलीवर. एकेक दात. कट्, कट्, कट्. पाऊण तास. तो बांधावरून बघत होता. गाडी वर आली तेव्हा मामानं हॉर्न वाजवला, लांबलचक. एवढी एक चैन केली.

त्या रात्री झोप आली नाही. चाळीसगाव आठवत राहिलं. तुम्हाला माहीत आहे, तरी सांगतो. १९२९ साल. बाबासाहेब अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद. चाळीसगाव स्टेशनवर आपली माणसं हार घेऊन आली. महारवाड्यात न्यायला टांगा पाहिजे, आणि एकही टांगेवाला बाबासाहेबांना बसवून टांगा हाकायला तयार नाही. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्यानं देतो, हाकणार नाही. मग आपल्यातलाच एक हाकायला बसला. त्यानं लगाम कधी धरलेला नव्हता. मोरीवर चाक दगडांच्या फटीत अडकलं, टांगा उलटला, घोड्यासकट खाली नदीत गेला. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. त्याच्या आधी १९०१ साली मसूर स्टेशनावर लहान भीमरावाला आणि भावंडांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं द्या आणि गाडी तुम्हीच हाका, असं ठरलं तेव्हा बैलगाडी हलली.

आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा टांगेवाल्यावर थांबतो. बरोबर आहे, गुन्हा त्याचाच. मी मात्र लगाम धरून बसलेल्या त्या आपल्या माणसापाशी थांबतो. त्याचं नाव मला माहीत नाही. बाबासाहेबांना चालत नेणं शोभत नाही म्हणून प्रेमानं पुढं बसला असेल. त्याच्या हाताला घोडा माहीत नव्हता, कारण त्या हातांना लगामाला लागूच दिलं नव्हतं. वाहन नाकारलं त्याचा हिशोब आपण मांडला. वाहनाची विद्या नाकारली त्याचा मांडला का? शिका म्हटलं की आपल्याला पुस्तकच दिसतं. पाना दिसत नाही.

हे लिहितोय तोवर खिडकीखालून तीन थार गेल्या, लोणावळ्याकडं. आज रविवार आहे. २०२० साली नवी थार आली तेव्हापासून या जास्तच दिसतात. त्या खेळाला ऑफरोड म्हणतात. डांबर सोडून मुद्दाम चिखलात जायचं, रुतायचं, निघायचं, व्हिडिओ काढायचा. इगतपुरीला त्याची शाळासुद्धा आहे. मी खेळाला नावं ठेवत नाही. त्यांच्याकडनं खूप शिकलो, हवा कमी करायची युक्ती मोबाईलवर त्यांच्याच व्हिडिओत पहिल्यांदा पाहिली. पण शब्दाची गंमत बघा. रस्ता असूनही जो सोडतो तो ऑफरोड. ज्याला रस्ता मिळालाच नाही त्याला काय म्हणायचं? गेल्या पावसाळ्यात यांच्यातलीच एक गाडी धरणाच्या अंगाला रुतली होती. पोरं चांगली होती, घाबरली होती. आम्ही जाळ्या टाकून काढली. एकानं विचारलं, "तुम्ही कुठल्या क्लबचे?" मामा म्हणाला, "भातगिरणी." त्यानं ते मोबाईलमध्ये लिहून घेतलं.

एक मात्र स्पष्ट लिहितो, नाही तर उद्या कुणी म्हणेल की बघा, यांनी स्वतःच तोड काढली, आता रस्ता कशाला. आमची गाडी तयार झाली त्याच पावसाळ्यात, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी, इर्शाळगडाच्या पायाशी, गाडीरस्ता नाही. वाचवणारे पावसात पायी चढले, मोठी यंत्रं वर जाऊच शकली नाहीत. हातांनी माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवला. तिथं आमची दोनशेसातही चढली नसती. कितीही पाटे वाकवा, नसती. मालाच्या गाडीत माणूस नेणं कायद्यात बसत नाही हेही मला ठाऊक आहे. गोधडी अंथरून हौद्यात आत्याला नेताना दर वेळी ते आठवतं. रस्ता द्या, ॲम्ब्युलन्स दारात येऊ द्या, मी उद्या गाडीत पुन्हा कोंबड्या बसवीन.

आतापर्यंत वाडीतनं अकरा वेळा पेशंट आणले. दोन बाळंतिणी, एक साप चावलेला पोरगा, बाकी ताप-जुलाब. आणताना वाटेत कुणी गेलं नाही. परतीच्या खेपेला खत, सिमेंट, एकदा शाळेची कपाटं. डिझेल निघतं, टायर निघत नाहीत.

मामेबहीण एकोणीस वर्षांची आहे. तिनं लायसन काढलंय, हलक्या वाहनाचं. त्यावर पिकअप चालते का, असा वाद गल्लीत झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलंय, ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी त्या लायसनवर चालते. हे मी मामीला वाचून दाखवलं. मामी म्हणाली, "कोर्टाला सांग, सैपाक कोण करनार." तरी भातकापणी झाल्यावर रिकाम्या खाचरात पोरीनं महिनाभर गाडी फिरवली. उतारावर क्लच दाबायचा नाही, पहिल्या गिअरवर सोडायची, हे मामापेक्षा तिला लवकर कळलं. मामा अजून उताराला पाय क्लचवर ठेवतो.

आठ वर्षांवरची गाडी म्हणून पासिंग दर वर्षी. यंदाची तारीख मार्चात आहे. त्याच्या आत शाफ्टचा मागचा क्रॉस बदलायचा, यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, पाटे काढून बसवले की ते पाचशे किलोमीटरला सैल पडतात. मामा म्हणतो विकून टाकू, गिऱ्हाईक आलंय. पोरीनं किल्ली स्वतःकडं ठेवलीय. आणि तिला चेनपुली लावायला शिकवायची राहिलीय.